शेवटची अर्धी पेटी

अंबडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागून मला तीनच महिने झाले होते. द्राक्ष बागायतदारांना पावसाच्या इशाऱ्याचा एसएमएस पाठवायचं काम माझ्याकडे आलं. यादीत २,३४७ नंबर, आणि समोरची सेवा एका वेळी ५०० च घेणार. मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक भागाकार (बाकी सोडून देणारा) केला, उत्तर आलं ४, लूप चार वेळा फिरवला. एरर आली नाही, म्हणून निर्धास्त घरी गेलो.

सकाळी दिंडोरीहून फोन. "अहो, शेजारच्याला मेसेज आला, मला का नाही?" रात्रीत पाऊस होऊन गेला होता. यादीच्या शेपटाकडचे ३४७ जण राहिले होते. पावसाने मणी तडकले की त्या मालाचं काय होतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ती सकाळ अजून विसरलो नाही.

म्हणून नव्यांना सांगतो, गट किती होतील हे काढायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीची जागा ५०० ने पुढे सरकवा: ०, ५००, १०००, १५००, २०००. पायथनच्या रेंज फंक्शनला तिसरी किंमत, म्हणजे पावलाचा आकार, ५०० दिली की हे आपोआप होतं. दर वेळी तिथून पुढच्या ५०० चा स्लाइस, म्हणजे यादीचा तुकडा, घ्या. शेवटच्या तुकड्याचं टोक २५०० यादीबाहेर जातं, तरी पायथन उरलेले ३४७ गुमान देतो. जावा भाषेत तुकडा काढणारी सबलिस्ट मात्र तिथे एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते. म्हणून जावात तुकड्याची शेवटची जागा यादीच्या लांबीपुढे जाऊ देऊ नका. पायथन ३.१२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, त्याच्या इटरटूल्स मॉड्यूलमध्ये असे गट पाडणारं बॅच्ड हे तयार फंक्शन आहे. ते लिस्ट नव्हे, टपल (न बदलता येणारी यादी) देतं, आणि जनरेटरवरही (एकेक नग मागू तसा देणाऱ्यावरही) चालतं.

मामांच्या शेडवर पेट्या भरताना शेवटची पेटी बहुतेक वेळा अर्धीच राहते. ती कोणी टाकून देत नाही.

गटाचा आकार नाही, गटांची संख्या ठरलेली असेल तर गणित वेगळं. समजा, ९ फायली एकाच वेळी चालणाऱ्या ४ प्रोसेसना वाटायच्या आहेत. भागाकार २.२५ वरून वर ओढून ३-३ दिल्या तर तिघांतच संपतात, चौथी रिकामी बसते. भागाकार आणि बाकी एकदम देणारं डिव्हमॉड वापरा: भागाकार २, बाकी १. बाकी पहिल्यांना एकेक वाटा, म्हणजे ३, २, २, २.

टेस्टमध्ये मी आता ०, १, ५०० आणि ५०१ नंबरांच्या याद्या घालतोच, आणि प्रत्येकीच्या सगळ्या गटांच्या लांबीची बेरीज मूळ यादीच्या लांबीशी ताडून पाहतो.