विकोपाला गेलेल्या आसक्तीचे चित्रपट चारचौघांत कसे पाहावेत

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात ज्यांना जागतिक चित्रपटांची ओढ आहे, त्यांनी विकोपाला गेलेल्या आसक्तीवरचे चित्रपट संकोचापोटी टाळू नयेत. मात्र ते मोबाइलवर पुढे-मागे सरकवत पाहण्याऐवजी सहा-सात प्रौढांनी कुणाच्या तरी घरी, दार लावून, सलग पाहावेत, कारण या चित्रपटांत तीच खोली आणि तोच हट्ट पुन्हा पुन्हा येतो आणि ती पुनरावृत्ती सोसल्याशिवाय पात्रांची कोंडी कळत नाही.

यासाठी वांग्याच्या भरताचे दिवस, म्हणजे हिवाळा, उत्तम. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत कुजबुज आणि शांतता दोन्ही बुडून जातात. भरीत आणि कळण्याची भाकरी चित्रपटानंतर वाढावी, म्हणजे जेवताना बोलणे आपोआप सुरू होते.

सुरुवात लुई बुन्युएल यांच्या १९७७ सालच्या ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’ने करावी. सधन, उतारवयाचा माथ्यू हा कोंचिता नावाच्या तरुणीमागे लागलेला आहे आणि ही कहाणी तोच आगगाडीच्या डब्यात सहप्रवाशांना सांगतो. कोंचिताची भूमिका कॅरोल बुके आणि आंगेला मोलिना या दोन अभिनेत्रींनी आलटून पालटून केली आहे, ही गोष्ट यजमानाने आधी मुळीच फोडू नये. चित्रपट संपल्यावर ‘तिचा चेहरा कधी बदलला?’ एवढेच विचारावे. ज्याच्या ते ध्यानातच आले नसेल, त्याला आपण इतका वेळ माथ्यूच्याच डोळ्यांनी पाहत होतो, हे कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या मते आसक्तीवर इतके नेमके भाष्य क्वचितच झाले असेल.

त्यानंतरच नागिसा ओशिमा यांचा ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ (१९७६) लावावा. त्यातील शरीरसंबंधांची दृश्ये उघड आहेत, हे आधी स्पष्ट सांगावे आणि मध्येच उठणाऱ्याला कारण विचारू नये. साडा आबे या स्त्रीने १९३६ साली टोकियोत प्रियकराचा गळा आवळून खून केला व त्याचे लिंग कापून नेले, त्या खऱ्या घटनेवर तो आधारलेला आहे. चित्रीकरण जपानमध्ये झाले, पण तिथल्या कायद्यामुळे फिल्म फ्रान्सला पाठवून धुवावी लागली. शय्यादृश्यांइतकेच लक्ष एका छोट्या दृश्याकडे द्यावे: सैनिकांची तुकडी रस्त्याने निघाली आहे, लोक झेंडे हलवत आहेत आणि नायक खाली मान घालून नेमका उलट दिशेने चालला आहे. बंद खोलीतल्या त्या दोघांनी कशाकडे पाठ फिरवली आहे, हे इथे दिसते, म्हणून चर्चेची सुरुवात इथूनच करावी.

बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांच्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) या चित्रपटाबाबत मात्र आधी विचार करावा. चित्रीकरणाच्या वेळी त्यातील नायिका मारिया श्नायडर १९ वर्षांची होती आणि बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरले जाणार असल्याचे तिला मुद्दाम सांगितले नव्हते, हे दिग्दर्शकाने २०१३ साली स्वतःच कबूल केले. हे सर्वांना आधी सांगावे, आणि गटातील एकीलाही तो पाहू नये असे वाटले, तर त्या रात्री दुसरा चित्रपट लावावा.