थिसिस लिहिताना परफेक्शनचा नाद कसा सोडायचा

पीएचडीचा डेटा हातात आहे, गाइड प्रत्येक भेटीत चॅप्टर मागतायत आणि आपण मात्र प्रस्तावनेचा पहिला पॅरा सकाळी लिहून रात्री खोडतोय. घरच्यांना हा आळस वाटतो, पण खरं तर घोडं अडलेलं असतं ते 'एकदम भारीच लिहायचं' या हट्टापायी.

आधी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांची ऑनलाइन साइट, उघडा. आपल्याच विषयातले, आपल्याच युनिव्हर्सिटीचे चार-पाच प्रबंध डाउनलोड करा आणि नुसते चाळू नका, एखादा चॅप्टर नीट वाचा. कुठे तेच वाक्य दोनदा येतं, कुठे टेबलचे नंबर चुकलेले असतात, निष्कर्ष तर कधी कधी दोन पानात उरकलेले, आणि तरी त्या सगळ्यांना डिग्री मिळालीये! आपला थिसिस वाचणार कोण, तर गाइड आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे किमान दोन बाहेरचे परीक्षक. त्यांना प्रश्न काय होता, कसा शोधला, काय सापडलं एवढं सरळ कळलं पाहिजे, आणि तुम्ही कितीही घासूनपुसून दिलंत तरी ते दुरुस्त्या काढणारच.

प्रस्तावनेपासून सुरुवात करूच नका, ती शेवटी लिहायची. पहिला धरा मेथडॉलॉजीचा चॅप्टर, कारण तिथे जे केलं तेच सांगायचं असतं. समजा विषय डाळिंब शेतकऱ्यांचा आहे, तर कच्चा पॅरा असा चालतो: 'सांगोला तालुक्यातली [किती? बघायचंय] गावं घेतली, कारण तिथे डाळिंबाचं क्षेत्र जास्त [आकडा बघायचंय]. प्रश्नावली आधी थोड्या लोकांकडून भरून घेतली, प्रश्न ७ कुणालाच कळेना म्हणून बदलला.' भाषा गावठी आहे, असू दे. प्रश्न ७ का बदलला हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात आणि ते इथे आलंय. अडलं की 'बघायचंय' टाकून पुढे जायचं, आकडा शोधायला ब्राउझर उघडलात की दुपार गेलीच समजा. नंतर फाइंडमध्ये 'बघायचंय' टाकलं की सगळ्या जागा आपोआप सापडतात.

खरी दलदल रिव्ह्यू ऑफ लिटरेचरची, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या चॅप्टरची. 'अजून एक पेपर वाचतो आणि मग लिहितो' यात वर्षं जातात. एक तारीख ठरवा, त्यानंतर सापडलेला पेपर वेगळ्या फाइलमध्ये, ड्राफ्टमध्ये नाही.

प्लेजरिझमच्या (वाङ्मयचौर्याच्या) धास्तीने प्रत्येक वाक्य दहा वेळा फिरवणारेही असतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची, नीट संदर्भ दिलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. चोरी करायची नाही, पण 'सदर अभ्यासात' सारखी वाक्यं बदलत बसायचीही गरज नाही.

सर किंवा मॅडमसमोर कच्चं ठेवायला लाज वाटते, म्हणून चॅप्टर महिनोन्महिने लॅपटॉपमध्येच कुजतो. त्यावर उपाय म्हणजे मेलमध्ये नेमकं विचारायचं: 'सर, कच्चा ड्राफ्ट आहे, भाषा नंतर सुधारतो, टेबल ४ वरून मी काढलेला अर्थ बरोबर आहे का एवढंच बघाल का?' काही गाइड तरीही स्वल्पविरामच दुरुस्त करून पाठवतात, त्याला इलाज नाही.

मुदतही डोक्यात ठेवा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार कोर्सवर्क धरून जास्तीत जास्त ६ वर्षं, री-रजिस्ट्रेशनने आणखी २, महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना वर अजून २ वर्षांची सवलत. प्रत्येक सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर प्रगती दाखवावी लागते, तीच आपली डेडलाइन धरा आणि प्रत्येक वेळी निदान एक कच्चा चॅप्टर तरी घेऊन जा.

आणि काटेकोरपणा करायचाच असेल तर तो आकड्यांत, संदर्भांत आणि टेबलांत करा. टक्क्यांची बेरीज १०० येत नसेल आणि राउंडिंगची टीप खाली दिली नसेल, तर परीक्षकांचं बोट आधी तिथेच जातं.