चोक आत ढकलला की पद्मिनी बंद

वडिलांची प्रीमियर पद्मिनी मुलुंडला सोसायटीत दोन-तीन पावसाळे झाकूनच उभी होती. नवी बॅटरी लावल्यावर चोक (थंड इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ओढायची कळ) ओढून सुरू व्हायची, पण चोक आत ढकलला की बंद. रेस देत राहिलं तर चालायची. म्हणजे बहुतेक स्लो जेटच (रेस न देता इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) चोंदलेला. मेकॅनिकचा मात्र एकच हेका, हवा-पेट्रोल मिसळणारा अख्खा कार्ब्युरेटरच नवा बसवा!

एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडलं. फ्लोट चेंबरच्या, म्हणजे आत पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या तळाशी हिरवट चिकट थर, वर शिळ्या वॉर्निशचा उग्र वास. जेट उजेडाकडे धरला, आरपार काही दिसेना. क्लीनरमध्ये भिजवला आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकला. तार अजिबात घालायची नाही. पितळेचं भोक मोठं झालं की मिक्श्चर बिघडतं. त्या कप्प्यात येणारं पेट्रोल अडवणारा-सोडणारा नीडल व्हॉल्व्ह अडकत होता, तोही साफ केला. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, नाहीतर तोच गाळ पुन्हा जेटमध्ये. जुनं रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाही, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ते सोसणारा नवा पाइप आणला.

आता सिग्नलला बंद पडत नाही. एकदम रेस दिली की किंचित अडखळते. रेस देताच जास्तीचं पेट्रोल ढकलणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) कडक झालाय, तो शोधतोय.