कोलस्लॉ करताय? आधी कोबी पिळा

मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला फोंड्याहून म्हापशाला कोलस्लॉ, म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेलं कोबीचं सॅलड, घेऊन गेले होते. निघताना डब्यात अगदी सायीसारखं दाट होतं. तासाभराने झाकण काढलं तर वर कोबीचे दोरे आणि तळाला पांढरं पाणी. ताटात वाढल्यावर ते पाणी चिकन काफ्रेयालच्या हिरव्या मसाल्यात शिरलं, पावाची खालची बाजू भिजून लगदा झाली. बहीण काही बोलली नाही, पण ते ताट अजून डोळ्यांसमोर आहे. येत्या रविवारी पुन्हा करायचंय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतेय.

कोबी एक किलो, दहा जणांना तोंडीलावणं म्हणून पुरतो. गोव्यातल्या फलोत्पादन महामंडळाच्या भाजीच्या गाड्यावरचा चालतो, फक्त हातात घेतल्यावर जड आणि घट्ट लागला पाहिजे. मधला दांडा काढून विळीवर बारीक, लांब चिरा. मिक्सरमध्ये अजिबात घालू नका, चोथा होतो. गाजरं दोन, जाड किसणीवर. कांदा अगदी थोडा.

आता मीठ. हेच मागच्या वेळी राहिलं होतं. चिरलेल्या कोबीला दोन छोटे चमचे मीठ हाताने चोळून लावा, चाळणीत घाला, खाली भांडं ठेवा आणि तासभर हात लावू नका. कोबीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. मीठ ते बाहेर ओढतं. तुम्ही आधी ओढलं नाहीत, तर मेयोनीजमधलं मीठ आणि साखर तेच काम डब्यात करणार, तेही पाहुणे जेवायला बसल्यावर. घाई असेल तर कोलस्लॉ करू नका, काकडीची कोशिंबीर करा. तासाभराने मूठमूठ घेऊन पिळा. मग स्वच्छ सुती पंच्यात बांधून पुन्हा पिळा. पहिल्या पिळण्यात पाणी संपलं असं वाटतं, संपलेलं नसतं. चव बघा, खारट लागला तर थंड पाण्यातून काढा, पण त्यानंतर परत पिळायचाच. गाजराचा कीसही पिळा.

मधल्या तासात ड्रेसिंग होतं. मेयोनीज दोनशे ग्रॅम, चक्का शंभर ग्रॅम (साधं दही नको, पुन्हा पाणीच घालाल), दोन मोठे चमचे व्हिनेगर, दोन छोटे चमचे साखर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मिरपूड. व्हिनेगर माडाच्या सुरेचा (माडीचा) घ्या. आपल्याकडे सहज मिळतो आणि बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरसारखा घशाला लागत नाही. ड्रेसिंगमध्ये मीठ घालू नका, कोबीत आहे. मेयोनीज घरी कच्च्या अंड्याचं करण्याचा मोह मे-जूनच्या उकाड्यात टाळा, विकतचं बिनअंड्याचं आणा.

शेजारणीने विचारलं, हा कुठला पदार्थ? नाव डच आहे, ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ म्हणजे सॅलड. आणि आपला कोबी हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आलेला, तेव्हा परकं काही नाही.

कालवणं शेवटी. पिळलेला कोबी मोकळा करा, ड्रेसिंग आधी अर्धंच घाला, लागेल तसं वाढवा. मग तासभर फ्रीजमध्ये. लाइट जायची शक्यता असेल तर बर्फ आधीच करून ठेवा. लांब न्यायचं असेल तर कोबी आणि ड्रेसिंग वेगळ्या डब्यांत, बर्फाच्या पेटीत, आणि तिथे पोचल्यावर कालवा. बाहेर उन्हाळ्यात तासापेक्षा जास्त ठेवू नका, उरलेलं टाकून द्या. वाढायच्या आधी तळापासून एकदा ढवळा. पिळलात ना?