लाइट बिलावरून कोळसा किती जळाला ते कसं काढायचं

उन्हाळ्यात सोलापुरात कुठंही बसा, विषय एकच, "लई बिल येलालंय यंदा". बिल किती आलं ते सगळे बघतात, पण त्या बिलामागं किती कोळसा जळाला, किती राख पडली ते कुणी काढत नाही, आणि ते काढायला काही विशेष लागत नाही, मोबाइलचं कॅल्क्युलेटर बास.

आधी महावितरणचं बिल काढा. रुपये बघू नका, त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असलं बरंच घुसलेलं असतं. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्याच्या पुढं युनिट, तेवढंच घ्या. लूमचं कनेक्शन असेल तर 'गुणक अवयव' हा रकाना बघा, तो १ नसेल तर रीडिंगचा फरक त्यानं गुणावा लागतो. एक महिना धरू नका, मे आणि डिसेंबरचा काही मेळ नाही, वर्षभराची सरासरी काढा. समजा १५० युनिट आले.

आता हे १५० म्हणजे आपल्या मीटरपर्यंत पोचलेले. तारा, ट्रान्सफॉर्मर, आकडे टाकून होणारी चोरी, सगळं मिळून देशात साधारण सहावा हिस्सा वाटेतच जातो, म्हणजे प्लांटकडून १८० सोडावे लागतात. ते सगळे कोळशाचे नसतात, पाणी, वारा, सोलर, अणू पण आहेच, पण कोळशाचा वाटा ढोबळ पाऊण धरा, झाले १३५ युनिट. आपल्याकडच्या कोळशात एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम लागतो, म्हणजे महिन्याला ९४-९५ किलो. घरटी जवळपास दोन पोती कोळसा, आणि तो आपण कधी डोळ्यानं बघत पण नाही.

भारतातल्या कोळशात राख जास्त असते, ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत. ३५ धरली तर ३३ किलो राख. कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या एका युनिटला ९५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १२८ किलो. हा आकडा तपासून पण घेता येतो, सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटी अख्ख्या ग्रीडची (म्हणजे सगळ्या प्रकारची वीज एकत्र वाहणाऱ्या देशभरच्या तारांच्या जाळ्याची) सरासरी देते ती युनिटला ०.७१-०.७३ किलोच्या घरात असते, १८० ला ०.७१ नं गुणलं की परत १२८च येतात. पाणी मात्र कमाल मर्यादेनं मोजा, नव्या प्लांटना युनिटला ३ लिटरची मर्यादा आहे, म्हणजे ४०५ लिटर. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसाआड येतं तिथं हा आकडा जरा टोचतोच.

एवढं सगळं दर वेळी करायचा कंटाळा येत असेल तर बिलातल्या युनिटला ०.६३ नं गुणा, कोळसा किलोत. ०.२२ नं गुणा, राख. झालं.

आता आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीकडं, म्हणजे सोलापूरजवळच्या कोळशावरच्या वीज प्लांटकडं बघू. ६६० मेगावॅटचे दोन संच, मिळून १३२०, सुपरक्रिटिकल (म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे), पहिला २०१७ ला आणि दुसरा २०१९ ला व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. पाणी उजनीचं, कोळसा रेल्वेनं. पूर्ण लोडवर दिवसभर चालला तर ३ कोटी १६ लाख युनिट होतात. सुपरक्रिटिकलला कोळसा थोडा कमी लागतो, ६५० ग्रॅम धरा, तरी दिवसाला २० हजार टन, म्हणजे मालगाडीचे पाचएक रेक. रोज फुल लोड नसतो हे खरंय, आणि वीज ग्रीडवर जाते, त्यामुळं तो प्लांट म्हणजे फक्त आपलं बिल नव्हे. पण राख मात्र इथंच पडते की.

लांबून जो पांढरा ढग दिसतो त्याला लोक धूर म्हणतात. कुलिंग टॉवरचा असेल तर ती निव्वळ वाफ. चिमणीतनं येणारं त्रासाचं काम डोळ्याला दिसतच नाही. राखेचे कण ईएसपी (विजेच्या भारानं कण ओढून घेणारं यंत्र) ९९ टक्क्यांच्या वर पकडतो, पण सल्फर डायऑक्साइड त्यातनं निसटतो, हवेत त्याचे बारीक सल्फेट कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. त्याच्यावर डिसेंबर २०१५ ला मर्यादा आल्या, मग मुदती सरकत गेल्या, आणि जुलै २०२५ ला देशातल्या बहुतेक प्लांटना एफजीडी (धुरातनं सल्फर डायऑक्साइड काढणारं यंत्र) बसवण्यातनं सूट मिळाली. मला हे काही पटलेलं नाही.

हवा बघायची तर 'समीर' अ‍ॅप टाका. नुसता एक्यूआय (हवेचा एकूण निर्देशांक) बघून बंद करू नका, आत पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) आणि एसओटू (सल्फर डायऑक्साइड) वेगळे बघा. २४ तासांच्या सरासरीला पीएम २.५ ची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, एसओटूची ८०. पीएम वाढला की लगेच प्लांटवर खापर फोडू नका, रस्त्याची धूळ, कचरा जाळणं, ट्रक, सगळं त्यात असतं, सोलापूर काही उगाच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत नाही.

राखेचं मात्र डोळ्यानं तपासता येतं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं १०० टक्के राख वापरायचं बंधन आहे, राहिली तर टनाला १००० रुपये भरपाई. कोरडी राख बंद टँकरमधनं सिमेंटला जाते, पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे हीच कोरडी राख, चालते, पोत्यावर पीपीसी लिहिलंय का बघा. होटगी रोडला उघड्या गाडीतनं राख उडत जाताना दिसली तर फोटो, वेळ, जागा टिपून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी द्या, पोच घ्या, नुसत्या फोनला काही अर्थ नाही.

बिल खाली आणायचं तर फॅनपासून सुरू करा. जुना ७५ वॅटचा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा फॅन) लावला आणि तो दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात, म्हणजे १२-१३ किलो कोळसा, एका फॅनमागं. छतावर सोलर घेतलं तर १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरा, सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. पण नेट मीटरमुळं (आपली सोलरची वीज बिलातून वजा होते त्यामुळं) बिल शून्य आलं म्हणून कोळसा शून्य झाला असं नाही हं, रात्री कूलर ग्रीडवरच चालतो, त्यामुळं वर दिलेल्या हिशोबाला नेट युनिट नको, 'इम्पोर्ट'चा, म्हणजे ग्रीडकडून घेतलेल्या युनिटचा, रकाना घ्या.