शॉर्ट शोधताना फ्यूजऐवजी ऑटो-रीसेट ब्रेकर

गाडीतला एखादा ब्लेड फ्यूज बदलला की लगेच उडतो, तेव्हा फ्यूजमागून फ्यूज जाळत बसू नका. त्याच खाचेत बसणारा, तेवढ्याच अँपिअरचा ऑटो-रीसेट ब्रेकर लावा. १५ च्या जागी १५ च. २० चा लावलात तर वायर आधी तापेल. आत द्विधातूची पट्टी असते. जादा करंटने ती तापून वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की टक् आवाज होऊन पुन्हा जोडला जातो. हा खेळ चालू असताना हार्नेस (वायरांचा जुडगा) एकेका ठिकाणी हलवून बघा, विशेषतः दाराच्या बिजागरीपाशी आणि पत्र्याच्या कडेला घासते तिथे. टकटक थांबली, की दोष तिथेच.

काम झाले की ब्रेकर काढून फ्यूज परत लावा, हे मात्र विसरू नका! शॉर्ट तसाच राहिला तर ब्रेकर दर वेळी पुन्हा करंट सोडतो आणि वायरचे आवरण वितळू लागते. तपासतानाही काही सेकंदांनी हात लावून वायर किती तापली ते पाहा. एअरबॅग आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) सर्किटवर हा प्रयोग अजिबात नको. ब्रेकर फ्यूजपेक्षा उंच असेल तर फ्यूजबॉक्सचे झाकण जबरदस्तीने दाबू नका.