जाळी घेण्याआधी जाळीच्या खाली बघा

बाथरूमचं काम निघालं की टाइल्ससाठी लोक दहा दुकानं पालथी घालतात आणि पाणी जायची जाळी मात्र प्लंबर आणेल ती. पाणी तुंबणं, वास येणं, झुरळं वर येणं हे सगळं ठरतं जाळीखालच्या नहाणी ट्रॅपवर (पाइपला जोडलेलं भांडं) आणि लादीच्या उतारावर, जाळी कितीही भारी असू दे.

ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साचून राहतं, तेच गटारातला वास अडवतं. हे पाणी निदान 50 मिमी खोल पाहिजे, म्हणून दुकानात ट्रॅप हातात घेऊन आत बघा, उथळ असेल तर ठेवून द्या.

जाळी स्टीलचीच घ्या, 304 ग्रेडची. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो की बघा चिकटत नाही, पण 202 या हलक्या ग्रेडला पण ते सहसा चिकटत नाही त्यामुळे त्यावर जाऊ नका, 304 चा शिक्का बघा आणि बिलावर लिहून घ्या. बोअरचं पाणी असेल किंवा समुद्राजवळ राहत असाल तर हलकं स्टील लवकर गंजतं.

आता लांब पट्टीसारख्या ड्रेनची फॅशन आहे. दिसतो छान, आणि उतार एकाच बाजूला द्यायचा असल्याने मोठ्या टाइल्स न कापता बसतात, चौकोनी जाळीला चारी बाजूंनी उतार लागतो. पण फ्लॅटमध्ये आधी लादीखाली तेवढी खोल जागा आहे का आणि पाइप कुठे आहे ते बघा. ट्रॅपची जागा हलवायची म्हणजे जुनं वॉटरप्रूफिंग फोडायचं, मग खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय.

बसवताना वॉटरप्रूफिंगचा कोट ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत उतरवायला सांगा, गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. मग तोंड बंद करून पाणी भरून 48 तास ठेवा, खालच्या घरी जाऊन छत बघा, आणि मगच लादी. मिस्त्री म्हणेल एवढं लागत नाही, ऐकू नका. उतार मीटरला 1 ते 2 सेंमी, जाळी लादीपेक्षा किंचित खाली. काम चालू असताना ट्रॅपच्या तोंडात गोणपाट कोंबून ठेवा नाहीतर सिमेंट आत जाऊन घट्ट बसतं. आणि जाळीचं झाकण निघतंय ना ते मिस्त्री जायच्या आधी स्वतः काढून बघा, व्हाइट सिमेंट भरताना तेही पक्कं करून टाकतात.

नंतर फार काही नाही, आठवड्यातून एकदा झाकण काढून केस उचलायचे (आत ढकलायचे नाहीत!) आणि आतली वाटी (हिच्यामुळेच वास अडवणारं पाणी टिकतं) ब्रशने घासायची. पाणी हळू जातं म्हणून ती वाटी काढून फेकणारे खूप आहेत, मग वास येतो म्हणून ओरडतात. ॲसिडने स्टील आणि टाइल्सच्या फटीतलं ग्राउट दोन्ही खराब होतं, आणि ॲसिड अन ब्लीच एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. गावाला जाऊन आल्यावर वास आला तर ट्रॅप सुकलाय, दोन तांबे पाणी ओता.

संडास आणि मोरी दोन्हीकडून एकदमच पाणी वर येत असेल तर मात्र तुमची जाळी बिचारी निर्दोष आहे, खालचा ड्रेनेजचा चेंबर तुंबलाय, सोसायटीला फोन करा.